अमरावती शिक्षक मतदारसंघ: जुना आमदार हरतो कसा आणि यात धारणीचा शिक्षक कुठे असतो?

अमरावती विभाग शिक्षक मतदारसंघाचे आमदार किरण सरनाईक यांची मुदत ६ डिसेंबर २०२६ रोजी संपते आहे. म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतले शिक्षक आपला आमदार पुन्हा निवडणार आहेत.

या जागेवर मागच्या दोन्ही निवडणुकांत चेहरा बदलला. २०१४ मध्ये वसंतराव खोटरे यांच्या जागी श्रीकांत देशपांडे आले. २०२० मध्ये देशपांडे हरले आणि सरनाईक आले. विधानसभेच्या निवडणुकीत 'विरोधक फुटले, जुन्याचं फावलं' हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. २०२० मध्ये इथे विरोधक फुटलेलेच होते. रिंगणात दोन डझनांहून अधिक उमेदवार होते. तरीही बसलेला आमदार पडला.

असं का होतं? संघटनांचे जुने नेते कशाच्या जोरावर टिकतात आणि कशामुळे पडतात? आणि मेळघाटातल्या धारणीसारख्या तालुक्यातल्या शिक्षकाला या सगळ्यात किती जागा आहे?

आधी, हा मतदारसंघ म्हणजे नेमकं काय?

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यातल्या ७ जागा शिक्षकांच्या आहेत: मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. राज्यघटनेच्या कलम १७१ नुसार परिषदेतल्या साधारण एक बारांश जागा शिक्षकांनी निवडायच्या असतात.

पण शिक्षक म्हणजे सगळे शिक्षक नाहीत. माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या संस्थेत शिकवणाऱ्यांनाच इथे मत देता येतं. त्यातही मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. ही तीन वर्षं सलग असण्याची अट नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. मत शिक्षकाचं लागतं, पण उमेदवार शिक्षक असण्याची सक्ती नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढं असलं तरी उमेदवारी भरता येते. त्यामुळे या जागांवर संघटनांचे नेते लढतात, तसे शिक्षणसंस्था चालवणारेही लढतात. सरनाईक स्वतः वाशिमच्या संस्थाचालकांच्या वर्तुळातून आलेले आहेत. शिक्षकाचा पगार, नेमणूक, निलंबन यात संस्था एका बाजूला आणि शिक्षक दुसऱ्या बाजूला उभा राहण्याची वेळ येते, तेव्हा आमदार कोणत्या बाजूचा, हा प्रश्न म्हणून इथे कायम विचारला जातो.

मग याला 'संघटनेची निवडणूक' का म्हणतात?

विदर्भात शिक्षकांच्या संघटना कमी नाहीत. माध्यमिक शिक्षकांचा विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, म्हणजे विमाशिसं. कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांची विजुक्टा. प्राध्यापकांची नुटा. शिवाय शिक्षक परिषद आणि शिक्षक भारती. प्रत्येकाचे जिल्हाध्यक्ष, तालुकाध्यक्ष आणि कार्यकारिणी असते.

संघटनेच्या आतल्या निवडी बऱ्याचदा अधिवेशनात, हात वर करून किंवा बिनविरोध होतात. तिथे जुन्या नेत्याला आव्हान देणं अवघड असतं. प्रवर्ग, वेतननिश्चिती, वैद्यकीय बिल, बदली अशी कामं घेऊन शिक्षक ज्याच्याकडे जातो, त्याच्याच विरोधात सगळ्यांसमोर हात वर करायला तो कचरतो.

विधान परिषदेची निवडणूक मात्र गुप्त मतदानाने होते. कोणत्या संघटनेच्या मागे खरंच किती शिक्षक आहेत, हे सहा वर्षांतून एकदा इथेच उघडपणे मोजलं जातं. म्हणून या जागेचा निकाल म्हणजे संघटनांच्या नेतृत्वावरचं सार्वमत ठरतं.

राज्यात काय घडलंय? सात जागांचा हिशेब

२०२० ते २०२४ या काळात राज्यातल्या सातही शिक्षक जागांवर निवडणुका झाल्या. निकाल असे लागले:

• अमरावती (२०२०): महाविकास आघाडीचे, शिवसेनेकडून लढलेले आमदार श्रीकांत देशपांडे हरले. भाजपचे नितीन धांडेही हरले. अपक्ष किरण सरनाईक जिंकले.
• पुणे (२०२०): आमदार दत्तात्रय सावंत हरले. काँग्रेसचे जयंत आसगावकर जिंकले.
• नागपूर (२०२३): भाजपचा पाठिंबा असलेले शिक्षक परिषदेचे नागो गाणार हरले. विमाशिसंचे सुधाकर अडबाले जिंकले.
• कोकण (२०२३): शेकापचे बाळाराम पाटील हरले. भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे जिंकले.
• औरंगाबाद (२०२३): राष्ट्रवादीचे विक्रम काळे यांनी जागा राखली.
• मुंबई (२०२४): तीन वेळा आमदार राहिलेले शिक्षक भारतीचे कपिल पाटील यांनी निवडणूक लढवली नाही. त्यांच्या संघटनेचे सुभाष मोरे हरले. शिवसेना ठाकरे गटाचे ज. मो. अभ्यंकर जिंकले.
• नाशिक (२०२४): किशोर दराडे यांनी जागा राखली.

म्हणजे सातपैकी चार ठिकाणी बसलेला आमदार पडला. एका ठिकाणी आमदाराच्या संघटनेने जागा गमावली. टिकले फक्त दोन. यात पक्षाचं एक सूत्र दिसत नाही. नागपुरात भाजप पुरस्कृत उमेदवार पडला, तर कोकणात भाजपचाच उमेदवार आव्हान देऊन जिंकला. अमरावतीत दोन्ही मोठ्या आघाड्या एकदमच हरल्या.

नागपूर आणि अमरावती: आव्हानाचे दोन वेगळे मार्ग

विदर्भातल्या दोन्ही जागांवर बसलेला आमदार हरला, पण दोन्हीकडे रस्ता वेगळा होता.

नागपुरात विरोधक एकवटले. गाणार दोन वेळा निवडून आलेले होते. त्यांच्याआधी ही जागा दीर्घकाळ विमाशिसंकडे होती, म्हणजे गाणार स्वतःच कधीकाळी जुन्या नेतृत्वाला हरवून आले होते. २०२३ मध्ये ठाकरे गटाने आधी गंगाधर नाकाडे यांना उभं केलं होतं. शेवटच्या क्षणी त्यांनी माघार घेतली आणि महाविकास आघाडीने अडबाले यांना पाठिंबा दिला.

त्याच वेळी एक मुद्दा तापलेला होता: जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन लागू नाही. डिसेंबर २०२२ मध्ये, नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन देता येणार नाही, राज्य दिवाळखोरीत जाईल, अशी भूमिका मांडली. पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारीला मतदान झालं. अडबाले यांना १६ हजारांहून अधिक मतं मिळाली, गाणारांना ८ हजारांच्या आसपास. पहिल्याच पसंतीवर निकाल लागला.

अमरावतीत २०२० मध्ये असं काही घडलं नाही. देशपांडे २०१४ ला अपक्ष म्हणून आले होते आणि नंतर शिवसेनेत गेले. त्यांच्या विरोधात भाजपचे धांडे होते, सरनाईक होते, शेखर भोयर होते. शिवाय वेगवेगळ्या संघटनांचे आणि संघर्ष समित्यांचे आपापले उमेदवार होते. मतदान १ डिसेंबरला झालं. ३ डिसेंबरला मोजणी सुरू झाली आणि निकाल दुसऱ्या दिवसावर गेला. पहिल्या पसंतीत कोणीही कोट्याच्या जवळ नव्हतं. एकेक उमेदवार बाद होत गेला, त्यांची मतं पुढे सरकत गेली आणि शेवटी सरनाईक निवडून आले.

फुटलेले विरोधक जिंकतात कसे?

इथे मतपत्रिकेवर फुली किंवा शिक्का मारायचा नसतो. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. १ लिहिणं सक्तीचं आहे, पुढचे आकडे ऐच्छिक. जिंकण्यासाठी वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक मत जास्त लागतं. यालाच कोटा म्हणतात.

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा १,००० वैध मतं आहेत, म्हणजे कोटा ५०१. 'क' हा जुना आमदार. 'ख', 'ग', 'घ' हे तीन विरोधक.

पहिली पसंती: क ३६०, ख ३००, ग २००, घ १४०. विधानसभेची निवडणूक असती तर इथेच गुलाल उधळला असता आणि 'क' जिंकला असता.

इथे आता सगळ्यात मागे असलेला 'घ' बाद होतो. त्याच्या १४० मतपत्रिका उघडून दुसरी पसंती पाहिली जाते. समजा ७० 'ख'ला गेल्या, ४० 'ग'ला, १० 'क'ला आणि २० जणांनी दुसरा आकडा लिहिलाच नव्हता. आता क ३७०, ख ३७०, ग २४०.

मग 'ग' बाद होतो. त्याच्या २४० पैकी १३० 'ख'ला जातात, ५० 'क'ला आणि ६० मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंती नसते. शेवटी ख ५००, क ४२०. 'ख'चा कोटा एका मताने हुकला, पण तो आघाडीवर आहे, म्हणून तोच विजयी.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, विरोधक तीन असले तरी त्यांचे मतदार एकमेकांना दुसरी पसंती देत असतील, तर जुन्या आमदाराला फुटीचा फायदा मिळत नाही. दुसरी, ज्या मतपत्रिकांवर पुढचा आकडा नाही, त्या तिथेच थांबतात. वरच्या उदाहरणात अशा ८० होत्या. त्या वाढत गेल्या असत्या, तर 'क' वाचला असता.

म्हणून बसलेला उमेदवार किंवा त्याचे कार्यकर्ते 'फक्त एक लिहा, बाकी काही लिहू नका' असा प्रचार करतात, तेव्हा त्यामागे हा हिशेब असतो. विरोधकही आपल्या लोकांना तेच सांगतात, तेव्हा मात्र ते स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतात.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. २०२३ मध्ये अमरावती पदवीधर मतदारसंघात काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे दोन वेळचे आमदार आणि माजी राज्यमंत्री रणजीत पाटील यांना हरवलं. तिथे शेवटपर्यंत कोणालाही कोटा गाठता आला नाही. तीन हजारांहून थोड्या अधिक मतांच्या फरकाने निकाल लागला.

याच रणजीत पाटलांनी २०१०-११ च्या निवडणुकीत नुटाचे नेते प्रा. बी. टी. देशमुख यांना हरवलं होतं. देशमुख तब्बल तीन दशकं ती जागा राखून होते. वऱ्हाडात शिक्षक चळवळीतलं इतकं जुनं नेतृत्व दुसरं सांगता येणार नाही. तेही मतपेटीतूनच बदललं आणि ज्यांनी बदललं, तेही पुढे मतपेटीतूनच गेले.

जुन्या नेत्याची खरी ताकद कुठे असते?

भाषणात नाही, यादीत असते. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाची मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी मत दिलं होतं, म्हणून या वेळी नाव असेलच असं नाही. प्रत्येक शिक्षकाला फॉर्म १९ पुन्हा भरावा लागतो आणि सोबत संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

अमरावतीसाठी या वेळी १ नोव्हेंबर २०२५ हा अर्हता दिनांक होता. अर्ज देण्याची मुदत ६ नोव्हेंबर होती आणि आयोगाच्या कार्यक्रमात अंतिम यादीची तारीख ३० डिसेंबर २०२५ होती. अंतिम यादीनंतरही उमेदवारी अर्जांच्या मुदतीच्या काही दिवस आधीपर्यंत नोंदणीचा अर्ज करता येतो. पण सुट्टीचा काळ, शाळेची कामं आणि 'अजून वर्ष आहे' ही भावना यामुळे अनेकांचं राहून जातं.

इथे दोन गोष्टी जुन्या नेतृत्वाच्या बाजूने जातात. एक, एकगठ्ठा अर्ज स्वीकारले जात नसले, तरी संस्थाप्रमुख आपल्या संस्थेतल्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र देऊ शकतो. म्हणजे ज्याच्या ओळखी मुख्याध्यापकांशी आणि संस्थाचालकांशी जास्त, त्याचे मतदार आधी यादीत येतात. दोन, ज्या संघटनेचे तालुका पातळीवर पदाधिकारी आहेत, तीच प्रत्येक शाळेत फॉर्म पोहोचवू शकते. नवा आव्हानवीर सहसा प्रचाराच्या वेळी जागा होतो. तोपर्यंत निम्मी निवडणूक झालेली असते.

आणि धारणी?

मेळघाटातली धारणी अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, सेमाडोह-हरिसालच्या जंगलरस्त्याने, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. तालुका कोरकू आदिवासीबहुल. इथल्या शिक्षणाचा मोठा भार दोन प्रकारच्या शाळांवर आहे: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. या विभागाचं एकात्मिक प्रकल्प कार्यालयही धारणीतच आहे.

आता वरचा नियम आठवा. जिल्हा परिषदेच्या गावशाळेत पहिली ते चौथी शिकवणाऱ्या गुरुजींना या निवडणुकीत मत नाही. त्यांनी वीस वर्षं शिकवलं असलं तरी नाही. पात्र आहेत ते माध्यमिक आणि त्यापुढचे वर्ग असलेल्या संस्थांमधले शिक्षक. त्यातही नोंदणी राहत्या पत्त्यावर होते. धारणीत शिकवणारा, पण कुटुंब परतवाड्याला किंवा अमरावतीला असल्याने तिथला रहिवासी असलेला शिक्षक धारणीच्या यादीत दिसत नाही. त्यामुळे उमेदवाराच्या वहीत धारणी म्हणजे थोडी मतं आणि लांबचा रस्ता.

पण प्रश्न मात्र इथे साचलेले आहेत. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने पटसंख्येचे निकष बदलले. सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल, तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, ही संघटनांची मुख्य तक्रार आहे. पाड्या-पाड्यांत विखुरलेल्या वस्तीत वीसचा पट जमवणं शहरासारखं सोपं नसतं. दुसरा प्रश्न टीईटीचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला की, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. याविरोधात ५ डिसेंबर २०२५ ला राज्यभर शाळा बंद आंदोलन झालं.

आश्रमशाळांचा प्रश्न आणखी वेगळा. आदिवासी विकास विभागाने मे २०२५ मध्ये शासकीय आश्रमशाळांतली १,७९१ शिक्षकपदं बाह्यस्रोतातून भरण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षं रोजंदारीवर शिकवणारे शिक्षक रस्त्यावर आले आणि नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर त्यांनी बिऱ्हाड आंदोलन केलं.

या तिन्ही प्रश्नांचा सगळ्यात जास्त फटका ज्यांना बसतो, त्यातल्या मोठ्या भागाला शिक्षक आमदार निवडण्याचा हक्कच नाही. जो आमदार त्यांच्या बाजूने सभागृहात बोलेल, तो त्यांच्या मतासाठी बोलणार नाही. प्राथमिक शिक्षकांना मताधिकार द्या, ही मागणी जुनी आहे. पण पात्रतेची अट घटनेच्या कलमातच असल्याने ती राज्य सरकारच्या एका आदेशाने सुटणारी नाही.

मत नसेल तर नेतृत्व कसं बदलतं?

प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांकडे पाहिलं तर उत्तर मिळतं. तिथे नेतृत्व बदलण्याऐवजी संघटनाच दुभंगते. प्राथमिक शिक्षक संघाचे शिवाजीराव पाटील गट आणि संभाजीराव थोरात गट असे दोन भाग राज्याने पाहिले. नाराज माणूस नेत्याला हरवू शकत नाही, तेव्हा तो नवा गट काढतो. मग एका तालुक्यात चार संघटना होतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चार निवेदनं जातात आणि एकाच प्रश्नावर चार वेगळ्या तारखा मिळतात.

प्राथमिक शिक्षकाच्या हातात खरी मतपेटी येते ती सहकारात. अमरावती जिल्हा परिषद शिक्षक सहकारी बँकेसारख्या संस्थांमध्ये सभासद थेट संचालक निवडतात. त्यामुळे संघटनांची पॅनल तिथे ईर्षेने लढतात. विधान परिषदेत ज्यांना मत नाही, त्यांचं राजकारण कर्जाच्या व्याजदराभोवती आणि लाभांशाभोवती फिरतं, यामागे हेही एक कारण आहे.

चेहरा बदलला की प्रश्न सुटतो का?

सरळ उत्तर: नाही. अडबाले जुन्या पेन्शनच्या लाटेवर निवडून आले. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी याच मागणीसाठी आठवडाभर संप केला. पुढे सरकारने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणली, पण जुनी पेन्शन जशीच्या तशी परत आली नाही. ७८ जणांच्या सभागृहात एका आमदाराची ताकद तेवढीच असते.

मग बदलाचा उपयोग काय? उपयोग दबावाचा आहे. नागपूरच्या निकालानंतर पेन्शन हा शिक्षकांपुरता मुद्दा राहिला नाही. तो प्रत्येक पक्षाला हाताळावा लागला. आपण पडू शकतो हे आमदाराला माहीत असेल, तर संचमान्यतेच्या बैठकीत तो शिक्षण आयुक्तांकडे फक्त निवेदन ठेवून परतत नाही.

२०२६ मध्ये काय पाहायचं?

एक, अंतिम यादीत कोणत्या तालुक्यातून किती नावं आली आणि कोणती राहिली. धारणी-चिखलदऱ्यातल्या माध्यमिक आश्रमशाळांचे शिक्षक यादीत किती, हा त्यातला महत्त्वाचा आकडा.

दोन, उमेदवार संघटनेचा आहे, संस्थाचालक आहे की पक्षाचा. आणि शिक्षक विरुद्ध संस्था असा वाद झाला तर तो कुठे उभा राहील, हे त्याला प्रचारातच विचारलं जातं का.

तीन, विरोधक एकमेकांना दुसरी पसंती द्यायला सांगतात का. पुन्हा दोन डझन उमेदवार उभे राहिले, तरी त्यात बिघडण्यासारखं काही नाही. पण मतपत्रिकेवर फक्त १ लिहून पेन खाली ठेवलं, तर आपला उमेदवार बाद झाल्यावर ते मतही त्याच्यासोबत बाजूला ठेवलं जाईल. जिथे मतदार थोडे आहेत, त्या धारणीच्या शिक्षकासाठी हे जास्त खरं आहे. त्याच्या मतासाठी उमेदवार घाट चढून येवोत न येवोत, शेवटच्या फेऱ्यांत दोन-चारशे मतांवर अडलेल्या मोजणीत त्याने लिहिलेला २ आणि ३ अमरावती शहरातल्या मताइतकाच मोजला जातो.